नव्या अँटिबायोटिकची चाचणी आणि आपला पेशंट: वॉर्डाबाहेर विचारले जाणारे प्रश्न

वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या एका दवाखान्यात, मेडिसिन वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना संमतीचा कागद समजावून सांगणं हे माझं काम आहे. खालचे प्रश्न त्यांचे आहेत आणि बरेचसे त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. उत्तरं कुठल्या एका औषधाबद्दल नाहीत. भरती असलेल्या पेशंटवर, जिवाणूंच्या संसर्गासाठी, एखादं अँटिबायोटिक पारखलं जातं तेव्हा काय घडतं आणि नियमानं काय घडायला हवं, एवढंच इथं आहे. तुमच्या हातातल्या कागदावर वेगळं काही लिहिलं असेल तर कागद खरा धरा आणि त्यावर बोट ठेवून विचारा.

आमच्या बुढ्यावर प्रयोग करून रायले का तुमी?

हो. आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. पण काय पारखलं जातंय ते समजून घ्या. औषध वॉर्डात येण्याआधी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासलेलं असतं. त्यानंतर पहिल्या टप्प्यात ते थोड्या निरोगी माणसांना देऊन पाहतात आणि दुसऱ्या टप्प्यात मोजक्या पेशंटांना. आमच्यासारख्या दवाखान्यात ते पोचतं बहुतेक तिसऱ्या टप्प्यात. तेव्हा प्रश्न एकच उरलेला असतो: आज आपण जे देतो त्याच्या तुलनेत हे कसं आहे?

त्यासाठी पेशंटचे दोन गट पाडतात. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला नेहमीचं. कोण कुठल्या गटात जाईल हे संगणक ठरवतो. डॉक्टरच्या हातात ते नसतं, ओळखीच्या माणसालाही सांगून बदलता येत नाही. कोणतं औषध सरस हे आधीच कळलेलं असेल तर अशी चाचणी घ्यायलाच परवानगी मिळू नये. 'नवं आहे म्हणजे भारी असेल' असं मनात धरून सही करू नका आणि 'नवं आहे म्हणजे घातक' असं समजून पळूही नका.

औषधाच्या नावानं नुसतं सलाईन लावून ठेवलं तं?

न्यूमोनिया, रक्तात पसरलेला संसर्ग, किडनीपर्यंत चढलेला लघवीचा संसर्ग अशा आजारांत कोणालाही बिनाऔषधाचं ठेवत नाहीत. तुलना औषधाशी औषधाची असते. कधी दोन बाटल्या लागलेल्या दिसतील आणि त्यातल्या एकीत नुसतं सलाईन असेल. एक औषध दिवसातून दोनदा द्यायचं आणि दुसरं तीनदा, असं असलं की बाटल्या मोजूनच गट ओळखू येईल. तो येऊ नये म्हणून ही जोड असते. दुसऱ्या बाटलीत खरं अँटिबायोटिक असतंच.

कोणती दवा देल्ली हे काहून नाई सांगत?

कारण बहुतेक वेळा वॉर्डातल्या डॉक्टरलाही ते माहीत नसतं. औषध फार्मसीत तयार होतं, रंग ओळखू येत असेल तर बाटलीवर पिशवी चढवलेली असते आणि वर नावाऐवजी नंबर असतो. डॉक्टरला माहीत असेल तर 'ताप उतरला', 'बरं वाटतंय' हे लिहिताना हात नकळत झुकतो, म्हणून ही खबरदारी. पेशंटची तब्येत अचानक बिघडली आणि पुढचा उपचार ठरवायला औषधाचं नाव कळणं गरजेचं असेल तर ते लगेच उघड करता येतं, रात्री-अपरात्रीसुद्धा. सगळ्याच चाचण्या अशा झाकलेल्या नसतात. काहींत नाव पहिल्या दिवसापासून उघड असतं.

कल्चरचा रिपोर्ट आला, त्यात दहा औषधं 'लागू' आहेत. मग आणखी तपासायचं काय?

हा प्रश्न शिकलेले नातेवाईक विचारतात, आणि मला तो सगळ्यांत आवडतो, कारण याचं उत्तर माहीत नसल्यानं माणसं दगावली आहेत.

कल्चर म्हणजे पेशंटच्या रक्तातला किंवा लघवीतला जिवाणू लॅबमध्ये वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणं; जे चालतं ते 'लागू'. लॅबमध्ये जिवाणू आणि औषध दोघंच समोरासमोर असतात. पेशंटच्या शरीरात औषधाला रक्तातून फुफ्फुसापर्यंत पोचावं लागतं, पू झालेल्या जागी शिरावं लागतं, किडनी त्याला बाहेर टाकत असते आणि जिवाणूही गप्प बसत नाही. कागदावर लागू असलेलं औषध पेशंटमध्ये कमी पडू शकतं.

याचं ठळक उदाहरण म्हणजे 'मेरिनो' नावाची चाचणी. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सेफ्ट्रिॲक्सोन या नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला हे जिवाणू रक्तात सापडलेले, ९ देशांतले पेशंट त्यात होते. काहींना मेरोपेनेम दिलं, काहींना पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम. लॅबच्या कागदावर दोन्ही औषधं लागू होती. मेरोपेनेम हे राखून वापरायचं औषध, म्हणून त्याऐवजी दुसरं चाललं तर बरं, असा विचार होता. विचार चांगलाच होता. पण ३० दिवसांत मेरोपेनेमच्या गटात ३.७ टक्के पेशंट गेले आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या गटात १२.३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. दोन्ही औषधं तेव्हा नवीन नव्हती, वर्षानुवर्षं वापरात होती. समोरासमोर ठेवून मोजेपर्यंत हा फरक कोणाला दिसला नव्हता.

गावातल्या डॉक्टरनं आधीच दोन सुया देल्ल्या, मंग आता?

मंग तुमचा पेशंट बहुतेक चाचणीत बसणार नाही. उपचार मात्र पूर्ण होईल.

अशा चाचण्यांमध्ये साधारण अट असते की चाचणीत घेण्याआधी २४ तासांपेक्षा जास्त काळ परिणामकारक अँटिबायोटिक मिळालेलं नसावं. कारण सरळ आहे: पेशंट बरा झाला तर तो आधीच्या सुयांनी की आमच्या औषधानं, हे सांगता येत नाही. शिवाय आधी अँटिबायोटिक पोटात गेलं की कल्चरमध्ये जिवाणू बरेचदा उगवत नाही. दोन वेगवेगळ्या जागांवरून रक्त काढून बाटल्या लॅबला पाठवल्या, मशीनमध्ये पाच दिवस ठेवल्या, तरी रिपोर्ट कोरा येऊ शकतो. मग आजार असतो, पण त्याचं नाव मिळत नाही.

इथं मला एक गोष्ट खटकते आणि ती मी बोलून दाखवतो. आपल्याकडचा पेशंट येतो कसा? सोयाबीन सोंगताना अंगात ताप, तो दोन दिवस अंगावर काढला. मग गावात एक सुई आणि सलाईन, फरक नाही म्हणून तालुक्याला दुसरी सुई, तिथून चिठ्ठी, आणि पाचव्या दिवशी आमच्या दारात. कोणत्या सुया दिल्या ते कोणालाच ठाऊक नसतं. त्यात स्टेरॉईड होतं का, तेही नाही. हा माणूस चाचणीच्या अटीत बसत नाही. बसतो तो शहरातला, पहिल्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पोचलेला. मग औषध मंजूर होतं आणि वापरलं जातं ते आपल्या पाचव्या दिवसाच्या पेशंटवर. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण उशिरा आलेल्या, अर्धवट उपचार झालेल्या पेशंटांवर वेगळा अभ्यास झाल्याशिवाय 'हे औषध यवतमाळच्या शेतकऱ्याला चालतं' असं छातीठोकपणे कोणी म्हणू नये.

तुमच्याकडून एवढंच हवं: गोळ्यांची रिकामी पाकिटं, सुयांच्या बाटल्या, फाटकी का होईना पण चिठ्ठी, पिशवीत टाकून सोबत आणा. गावातल्या डॉक्टरचा फोन नंबर असेल तर आणखी चांगलं. आम्ही त्यांच्याशी भांडत नाही, फक्त काय दिलं ते विचारतो. आणि पेशंटला किंवा घरात कोणाला सिकलसेल असेल तर पहिल्याच तासात सांगा. गोंदिया-गडचिरोलीकडचे लोक सांगतात, आपल्याकडचे लपवतात. सिकलसेलमध्ये प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे काही जिवाणू झपाट्यानं पसरतात. चाचणीत घ्यायचं की नाही आणि उपचार किती घाईनं करायचा, दोन्ही त्यावर ठरतं.

कागदावर लिहिलंय, 'नवीन औषध जुन्यापेक्षा कमी नाही हे तपासणे'. जुन्याइतकंच असेल तर हवं कशाला?

बऱ्याच अँटिबायोटिक चाचण्या अशाच आखलेल्या असतात. समजा जुन्या औषधानं १०० पैकी ८५ पेशंट बरे होतात. आधीच एक सीमा ठरवतात, बहुतेक १० टक्क्यांची. हिशेबातली अनिश्चितता धरूनही नवं औषध त्या सीमेपलीकडे मागे पडत नसेल तर ते पास. तुमच्या मनात येतं तेच माझ्याही येतं: १० म्हणजे काही थोडे नाहीत.

फायदा दुसरीकडे असतो. जुनं औषध ज्या जिवाणूंवर चालेनासं झालं, त्यांच्यावर हे चालू शकतं. कोलिस्टिन हे जुनं अँटिबायोटिक किडनीला त्रास देतं, नवं कदाचित देणार नाही. पण हा फायदा नुसता 'कदाचित'च असेल तर डॉक्टरला खोदून विचारा. आजवरच्या चाचण्यांत नेमकं काय दिसलं, हे त्यांनी सांगायलाच हवं.

कधी कधी नवं औषध सरळ पुढेही निघून जातं. सेफेपिम आणि एनमेटाझोबॅक्टम ही जोडी लघवीच्या गुंतागुंतीच्या संसर्गात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसमोर ठेवली, तर यशाचं प्रमाण ७९.१ टक्के विरुद्ध ५८.९ टक्के आलं. यातलं एनमेटाझोबॅक्टम चेन्नईच्या ऑर्किड कंपनीनं शोधलेलं आहे. अमेरिकेनं २०२४ मध्ये या जोडीला मंजुरी दिली.

आपल्याकडच्या लोकांवर असं काही झालंय का, की सगळं परदेशातलंच?

झालंय, आणि दोन उदाहरणं मी नेहमी देतो.

पहिलं स्क्रब टायफसचं. पावसाळा संपता संपता धुऱ्यावरच्या गवतात, झुडपांत बारीक किडे चावतात, ताप येतो, आणि काखेत किंवा कमरेशी चटका दिल्यासारखी काळी खपली दिसते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात याची साथ आली होती. खपली दुखत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही आणि कपडे न काढता तपासलं तर डॉक्टरलाही दिसत नाही. गंभीर पेशंटला डॉक्सिसायक्लिन द्यावं की ॲझिथ्रोमायसिन, यावर बरीच वर्षं नुसती मतं होती. मग भारतातल्या ७ केंद्रांवर चाचणी झाली: एका गटाला डॉक्सिसायक्लिन, दुसऱ्याला ॲझिथ्रोमायसिन, तिसऱ्याला दोन्ही, शिरेतून ७ दिवस. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. २८ दिवसांत मृत्यू, सातव्या दिवशीही टिकलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही ताप, यातलं काहीही एक घडलेले पेशंट एकेरी औषधाच्या गटांत ४७ आणि ४८ टक्के होते, दोन्ही औषधं मिळालेल्या गटात ३३ टक्के. नुसत्या मृत्यूंच्या आकड्यात मात्र ठोस फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. दोन्ही औषधं जुनी आणि स्वस्त. कुठलीही कंपनी यासाठी धावत आली नसती.

दुसरं गडचिरोलीचं. ते दवाखान्यातलं नाही, पण अँटिबायोटिक कुठं आणि कोणाच्या हातून द्यावं हा प्रश्न त्यात होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायकांकडून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली. जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि कोट्रायमॉक्झॅझोलचं औषधही त्याच द्यायच्या. तुलनेला दुसरी ४७ गावं होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला.

वारसाचं नाव कायले पाह्यजे? बुढा मरते का?

फॉर्ममधली ही ओळ आली की बायका डोळ्याला पदर लावतात, आणि कितीदा तरी तिथंच पेन खाली ठेवलं जातं. तो रकाना कायद्यानं घातलेला आहे. शिक्षण, धंदा, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव-नातं, हे प्रत्येकाच्या फॉर्ममध्ये असतं, हिंडत्या-फिरत्या पेशंटच्यासुद्धा. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची, एवढ्यासाठी.

नियम २०१९ चे आहेत, नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांचे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, गरज असेल तोवर. कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू आला तर भरपाई. मृत्यूच्या भरपाईच्या सूत्राचा पाया ८ लाख रुपये आहे. पेशंटचं वय आणि आधीच्या आजाराची गंभीरता बघून रक्कम कमी-जास्त होते. ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा अधिक असलेल्या पेशंटसाठी ठोक २ लाख धरले आहेत. केंद्रीय औषध नियंत्रकांचा आदेश निघाला की ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. पण मूळ आजारानं मृत्यू झाला तर भरपाई मिळत नाही. कारण कोणतं हे तज्ज्ञ ठरवतात, आणि वाद होतो तो इथंच. म्हणून संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची तुमची प्रत घरी जपून ठेवा. ती देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. मागितली नाही म्हणून दिली नाही, असं चालत नाही.

बुढा बेशुद्ध आहे, मले वाचता येत नाई. सही कोनाची?

पेशंट शुद्धीवर नसेल तर कायद्यानं चालेल असा जवळचा माणूस सही करतो. पेशंट शुद्धीवर आला की त्याला पुन्हा सगळं सांगून त्याची स्वतःची संमती घ्यायची. तो 'नको' म्हणाला तर नको.

वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर असावा लागतो. अंगठ्याच्या वेळी बोलावून आणलेला वॉर्डबॉय म्हणजे साक्षीदार नव्हे. औषध अगदी नवीन असेल आणि संमती देणारा परिस्थितीनं कमकुवत असेल तर सगळं बोलणं कॅमेऱ्यात घेतात. कॅमेरा पाहून बुजू नका, ते तुमच्याच बाजूनं आहे. मराठीतला कागद कळत नसेल तर गोंडी, कोलामी जी बोली घरी चालते तीत सांगणारा माणूस मागा.

नाई म्हटलं तं खाट खाली करा लागन का?

नाही. नेहमीचा उपचार चालू राहतो. मधेच बाहेर पडायचं असेल तरी तेच, कारण सांगायची गरज नाही. त्यासाठी कोणी आवाज चढवला तर माहितीपत्रकावर चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या नीतिमत्ता समितीचा फोन असतो, त्यावर लावा.

पैसे लागतीन का?

चाचणीचं औषध आणि चाचणीसाठीच्या तपासण्या फुकट. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळण्याची सोय बऱ्याच चाचण्यांत असते, विचारून घ्या. आजाराचे बाकीचे खर्च कोणाचे, हे प्रत्येक चाचणीत वेगळं असतं. सही करण्याआधी हे कागदावर दाखवायला सांगा, तोंडी हमीवर जाऊ नका.

यावर लक्ष कोण ठेवते?

दवाखान्याची नीतिमत्ता समिती. तिच्यात किमान ७ माणसं, अध्यक्ष बाहेरचा, निम्मे तरी सदस्य संस्थेशी संबंध नसलेले. कायद्याचा जाणकार असतो आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक सामान्य माणूसही. पेशंटला गंभीर काही झालं तर डॉक्टरनं २४ तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि समिती अशा तिघांना कळवायचं असतं.

तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर भारतातली प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. कागदावरचा 'सीटीआरआय' नंबर घेऊन कॉलेजात शिकणाऱ्या पोराला फोनवर शोधायला सांगा. पैसा कोणाचा, किती पेशंट घेणार, दवाखाने कोणते, सगळं तिथं असतं. नंबरच नसेल तर सही करू नका.

कंपनी यात मालामाल होत असन?

इतर औषधांत होत असेल. अँटिबायोटिकमध्ये तितकंसं नाही. बीपीची गोळी माणूस आयुष्यभर घेतो, अँटिबायोटिक सात-दहा दिवस. त्यातही ते चांगलं निघालं तर आम्हीच म्हणतो, कपाटात राखून ठेवा. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. दवाखान्याला चाचणीचे पैसे मिळतात का? हो, करार असतो आणि तो समितीपुढे ठेवावा लागतो. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

सरकारनं मंजूर केलं म्हणजे औषध पक्कं ना?

टायगेसायक्लिन या अँटिबायोटिकला अमेरिकेत २००५ मध्ये मंजुरी मिळाली होती. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर इतर औषधांच्या तुलनेत मृत्यू थोडे जास्त दिसले. २०१० मध्ये सूचना निघाली, २०१३ मध्ये वेष्टनावरच ठळक चौकटीत इशारा आला. औषध आजही वापरात आहे, पण दुसरं काही चालत नसेल तेव्हा. एकेका चाचणीत न दिसणारा लहान फरक बेरजेत दिसतो, म्हणून मंजुरीनंतरही नोंदी ठेवाव्या लागतात.

बरं वाटलं तं तेच औषध मेडिकलमधून घेता येईन का?

नाही. चाचणीतलं नवं औषध बाजारात नसतं. आणि बाजारात असलेली बरीच तगडी अँटिबायोटिक २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते.

सुट्टी झाली, आता परत कायले बोलावता?

ताप उतरला म्हणजे संसर्ग गेला असं नसतं. औषध थांबल्यावर आठवड्याभरात जिवाणू पुन्हा उसळी घेतो का, किडनी-लिव्हर ठीक आहेत का, हे पाहायचं असतं. गंभीर न्यूमोनियाच्या चाचण्यांत २८ व्या दिवशी पेशंट हयात आहे का, हाच मुख्य मोजमापाचा प्रश्न असतो. त्या दिवसाची नोंद मिळाली नाही तर तो पेशंट हिशेबात अर्धवट राहतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका फेरीसाठी सबंध दिवसाची मजुरी जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. तारीख जुळत नसेल तर आधी फोन करा. एक-दोन दिवस मागे-पुढे करण्याची मुभा बहुतेक चाचण्यांत असते, आणि काही भेटी फोनवरही होतात. तोवर ताप, जुलाब, अंगावर पुरळ किंवा लघवी कमी झाली तर तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी चाचणीच्या कार्डावरच्या नंबरवर लावा, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ते कार्ड त्यांना दाखवा.